घरच्या उद्योगाला उजेडाची साथ

घरी केलेला पदार्थ पूर्वी शेजारणीच्या हातात पडत असे. ती त्याचा वास घेई, चिमूटभर जिभेवर ठेवी आणि मग पावशेर की अर्धा किलो ते सांगे. आज तोच पदार्थ शेकडो मैलांवरच्या, आयुष्यात कधी न भेटलेल्या गिऱ्हाइकाला विकायचा असतो. त्याला ना वास घेता येतो, ना चव पाहता येते, ना वस्तू हाताळता येते. पाच इंद्रियांपैकी एक डोळाच काय तो उरतो. त्या डोळ्यापुढे आपण कोणते चित्र ठेवतो, यावर आज कितीतरी घरगुती उद्योगांचे बरेवाईट अवलंबून आहे.

सांगलीच्या आमच्या घरात हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी उभा राहिला. थोरल्या बंधूंच्या आजारपणात दुकान आवरते घ्यावे लागले आणि वहिनींनी घरातच चटणी, मेतकूट व उडदाच्या पापडांचा उद्योग सुरू केला. लसणाविना केलेली त्यांची शेंगदाण्याची चटणी आमच्या नात्यागोत्यांत फार दिवसांपासून नावाजलेली होती. गल्लीतली मागणी चांगली होती. परंतु फोनवरून धाडलेल्या चित्रांना बाहेरगावाहून उत्तर येत नव्हते. ती चित्रे मी पाहिली. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर, ओट्यावर, ट्यूबलाइटखाली, फोनचा फ्लॅश लावून ती काढली होती. चटणी काळपट दिसत होती, वाटीच्या काठावर फ्लॅशचा पांढरा ठिपका चमकत होता आणि मागे गॅसची नळी व ओला फडका दिसत होता.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, हप्त्यांनी एक चांगला कॅमेरा घ्यावा म्हणते. पन्नास हजारांच्या आसपास पडेल. नाहीतरी चटणी कुटायच्या यंत्रासाठी साठवलेले पैसे आहेतच."

माझी उमर छायाचित्रांच्या धंद्यात गेली. लग्नामुंजींचे फोटो तर काढलेच, पण दागिन्यांच्या व साड्यांच्या दुकानांसाठीही पुष्कळ काम केले. त्या अनुभवावरून मी त्यांना इतकेच म्हणालो, "आठ दिवस थांबा. आधी उजेडाचे पाहू, कॅमेऱ्याचे नंतर." त्या आठ दिवसांत जे केले व पुढे जे शिकलो, ते घरी उद्योग करणाऱ्या भगिनींच्या व बांधवांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहे.

पहिले भांडवल : खिडकी

छायाचित्र म्हणजे उजेडाने काढलेले चित्र. कॅमेरा कितीही महागाचा असला, तरी वाईट उजेडाचे तो वाईट चित्रच देणार. उलट चांगल्या उजेडात चार-पाच वर्षांपूर्वीचा साधा फोनही समाधानकारक काम करतो.

घरातला सर्वांत उत्तम दिवा म्हणजे खिडकी. जिच्यातून थेट ऊन आत येत नाही, पण आभाळाचा उजेड भरपूर येतो, अशी खिडकी निवडावी. उत्तरेकडच्या खिडकीत वर्षातील बहुतेक काळ असा उजेड मिळतो. पूर्वेची खिडकी असेल तर दुपारी आणि पश्चिमेची असेल तर सकाळी काम करावे. ऊन आत येतच असेल, तर खिडकीवर पांढरा सुती पंचा अथवा बटर पेपर ताणून लावावा. त्यातून गाळून आलेला उजेड मऊ होतो व सावल्यांच्या कडा विरघळतात. यामागचे तत्त्व सोपे आहे. वस्तूच्या मानाने उजेडाचा उगम जितका मोठा, तितकी सावली मऊ. जितका लहान, तितकी ती कठोर. फोनचा फ्लॅश हा हरभऱ्याएवढा उगम आहे, म्हणून तो वस्तूंच्या छायाचित्रणात कायमचा बंद ठेवावा.

टेबल खिडकीला लागून असे मांडावे की उजेड वस्तूच्या एका बाजूने येईल. मग विरुद्ध बाजूला पांढरा थर्माकोल किंवा जाड पांढरा कागद उभा करावा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत येतो आणि अंधारी बाजू उजळते. कागद जवळ आणला की सावली फिकी होते, दूर नेला की गडद होते. दहा मिनिटे हा एकच खेळ करून पाहिला, तरी अर्धी विद्या हाती येते.

एक गोष्ट मात्र पुष्कळजण विसरतात. खिडकीच्या उजेडात काम करताना खोलीतले सर्व दिवे बंद करावेत. दिवसाचा उजेड साधारण 5,500 ते 6,500 केल्विन रंगतापमानाचा, म्हणजे निळसर पांढरा असतो. पिवळा घरगुती दिवा 2,700 केल्विनच्या आसपास असतो. दोन्ही एकत्र आले की वस्तूची एक बाजू निळी व दुसरी पिवळी पडते, आणि मग कोणत्याही युक्तीने रंग नीट होत नाही.

पन्नास रुपयांची पाटी आणि खोक्याचा मंडप

पार्श्वभूमीसाठी पडदे, टाइल्स, चादरी यांच्या नादी लागू नये. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा पांढरा, चकाकी नसलेला मोठा कार्डशीट पुरेसा होतो. त्याचे एक टोक भिंतीला चिकटवावे व दुसरे टेबलावर पुढे आणावे. मध्ये घडी न पाडता कागदाला सहज वळण द्यावे. वस्तू त्या वळणाच्या पुढे ठेवली की भिंत व टेबल यांची सांधरेषा दिसत नाही आणि वस्तू मोकळ्या जागेत ठेवल्यासारखी भासते.

दिवसा वेळ मिळत नसेल किंवा पावसाळ्यात उजेड बेभरवशाचा असेल, तर खोक्याचा मंडप करावा. किराणा दुकानातून मोठे पुठ्ठ्याचे खोके आणावे. त्याच्या डाव्या, उजव्या व वरच्या बाजूला कडेची चार बोटे सोडून चौकोन कापावेत आणि त्यांवर बटर पेपर चिकटवावा. आत तोच पांढरा कार्डशीट वळवून बसवावा. बाहेरून दोन्ही बाजूंस एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे 12 ते 15 वॅटचे दोन एलईडी दिवे लावावेत. दिवा घेताना वेष्टणावर रंग दाखविण्याची क्षमता, म्हणजे सीआरआय, 90 किंवा त्याहून अधिक लिहिलेली असेल तर उत्तम. कारण हलक्या दिव्याखाली लाल व केशरी रंग मरगळतात, आणि मसाल्यांचे सगळे वैभव त्याच रंगांत असते. हॅलोजनचे तापणारे दिवे मात्र कागद-पुठ्ठ्याजवळ कधीही लावू नयेत. आग लागण्याचा धोका असतो.

दिवा किती दूर ठेवावा, याचाही एक नियम आहे. अशा छोट्या दिव्याचे अंतर दुप्पट केले की वस्तूवर पडणारा उजेड निम्मा नव्हे, साधारण एक-चतुर्थांश होतो. म्हणून चित्र अंधारे आले तर नवा दिवा विकत आणण्यापूर्वी आहे तोच वीतभर जवळ आणून पाहावा.

फोन हाती असताना

सर्वप्रथम फोनची काच मऊ सुती कापडाने पुसावी. हे सांगताना हसू येते, पण धुरकट चित्रांचे बहुतेक दोष बोटांच्या तेलकट ठशांतच असतात.

मग फोन तिपाईवर बसवावा. फोनची साधी तिपाई पाचशे ते हजार रुपयांत मिळते. तीही नसेल तर पुस्तकांच्या चळतीला फोन टेकवावा. हात हलत नाही हा एक लाभ; दहा वस्तूंची चित्रे एकाच अंतरावरून, एकाच कोनातून निघतात हा दुसरा. सगळी चित्रे शेजारी मांडली की दुकानाला शिस्त आल्यासारखी वाटते. बटण दाबतानाही फोन हलतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावावा.

वस्तूच्या अगदी जवळ जाऊन रुंद भिंगाने चित्र काढू नये. त्याने बरणीचे पोट फुगते व बूड निमुळते दिसते. दोन-तीन फूट मागे सरावे व फोनला दुपटीचे स्वतंत्र भिंग असेल तर ते वापरावे. नसेल तर मुख्य भिंगानेच चित्र काढून नंतर कडा कापाव्यात. चिमटीने ताणून मोठे केलेले चित्र फुटते. माणसांच्या चित्रासाठी असलेला पार्श्वभूमी धूसर करणारा पर्यायही टाळावा. तो अनेकदा बरणीची कड किंवा दागिन्याची कडीच पुसून टाकतो.

आता एक रहस्य. कॅमेरा कोणताही असो, त्याची मोजणी समोरचे दृश्य मध्यम करड्या उजळपणाचे आहे असे धरून चालते. म्हणून पांढऱ्या कागदावरची पांढरी वस्तू करडी, मळकी येते आणि काळ्या कापडावरची वस्तू वाजवीपेक्षा पांढुरकी होते. उपाय असा : पडद्यावर वस्तूवर बोट क्षणभर दाबून ठेवावे, फोकस व उजेड तेथे स्थिर होतात. मग उजेडाची पट्टी वर सरकवून कागद खरोखर पांढरा दिसेपर्यंत चित्र उजळावे. स्वतंत्र कॅमेऱ्यावर हेच काम एक्स्पोजरची भरपाई अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एकपर्यंत ठेवून होते. काळ्या पार्श्वभूमीला याच्या उलट करावे.

कॅमेरा घ्यावाच का? घ्यावा तर कोणता?

महिन्याला पाच-दहा वस्तूंची चित्रे लागत असतील, तर फोनवर भागते. रोज नवे दागिने किंवा नव्या साड्या येत असतील, बारीक कारागिरी मोठी करून दाखवायची असेल किंवा छापील पत्रके काढायची असतील, तर स्वतंत्र कॅमेऱ्याचा विचार करावा. तेव्हाही नवाकोरा घेण्याची गरज नाही. स्थिर वस्तूंसाठी आठ-दहा वर्षांपूर्वीचा डीएसएलआरसुद्धा पुरेसा आहे, कारण चटणीची बरणी पळून जात नाही. वेगाचे पैसे आपण कशाला मोजावेत?

वापरलेला कॅमेरा घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. शटर आजवर किती वेळा उघडले, ते विचारावे. पांढऱ्या कागदाचे चित्र काढून त्यावर काळे ठिपके येतात का, पाहावे. आणि भिंगातून उजेडाकडे बघून आत कोळिष्टकांसारखी बुरशी आहे का, ते पारखावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही बुरशी फार लवकर धरते. घरी आणल्यावरही कॅमेरा चामड्याच्या पिशवीत न ठेवता, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

कॅमेऱ्यासोबत मिळणारे 18 ते 55 मिलिमीटरचे भिंगही या कामी वाईट नाही. ते 50 च्या आसपास ठेवावे. पुढे पैसे जमल्यास 50 मिलिमीटरचे, एफ 1.8 चे भिंग सर्वांत स्वस्त व चोख. परंतु वस्तूचे चित्र काढताना छिद्र एफ 1.8 इतके उघडू नये. पुढची कड स्पष्ट व मागची धूसर होते. एफ 8 ते एफ 11 ठेवावे, आयएसओ 100 ठेवावा आणि शटरला लागेल तेवढा वेळ घेऊ द्यावा. तिपाईवर पाव सेकंदही चालतो. एफ 16 च्या पलीकडे गेल्यास चित्राची धार उलट बोथट होऊ लागते.

म्हणजे खर्चाचा क्रम असा : आधी उजेड, मग तिपाई, मग भिंग आणि सर्वांत शेवटी कॅमेरा. आमच्याकडे लोक नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि हप्ते फेडता फेडता उद्योगाचा उत्साह संपतो.

जशी वस्तू, तशी युक्ती

पापड, सांडगे, शेवया यांचे सौंदर्य त्यांच्या पोतात असते. त्यांना उजेड कडेने आणि खालून, जवळजवळ टेबलाला समांतर द्यावा. पापडावरचा प्रत्येक मिरीचा दाणा छोटी सावली टाकतो आणि कुरकुरीतपणा डोळ्यांना जाणवतो.

लोणच्या-चटणीच्या काचेच्या बरण्यांत सगळे घर उमटते. बरणीच्या मागून किंचित उजेड द्यावा, म्हणजे आतला मसाला पारदर्शक रंगाने उजळतो. दोन्ही बाजूंना चित्राच्या चौकटीबाहेर काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या केल्या, तर काचेला रेखीव कड मिळते. एरवी पांढऱ्या कागदावर पांढरी काच हरवून जाते.

चांदी ही सर्वांत अवघड. हुपरीच्या पैंजणांची चित्रे काढताना हे मी पुष्कळ वर्षे अनुभवले आहे. चांदीला स्वतःचे रूप असे थोडेच असते. ती भोवतालचे रूप घेते. काढणाऱ्याचा रंगीत सदराही तिच्यात दिसतो. म्हणून चहूकडून पांढऱ्या कागदाचे कोंडाळे करावे आणि समोरच्या कागदाला भिंगापुरते भोक पाडून त्यातून चित्र घ्यावे. मात्र सर्वत्र पांढरेच झाले तर पैंजण ॲल्युमिनियमसारखे सपाट दिसते. तेव्हा एका बाजूला काळ्या कागदाची अरुंद पट्टी ठेवावी, की घडणावळ उठून येते. दागिना उघड्या बोटांनी हाताळू नये. सुती हातमोजे घालावेत.

साडीचे निदान चार फोटो हवेत : पूर्ण घडी, पदर, काठाचे जवळून चित्र आणि कापडाची वीण. मोरपंखी, चिंतामणी, डाळिंबी असे रंग कॅमेऱ्याला फसवतात. म्हणून पहिल्या चित्रात साडीशेजारी साधा पांढरा कागद ठेवावा आणि कॅमेऱ्याला किंवा नंतर ॲपला तोच पांढरा आहे असे सांगावे. बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात.

चित्र घेतल्यावर

प्रत्येक वस्तूची पाच चित्रे पुरतात : समोरून एक, वरून एक, जवळून एक, आकार कळावा म्हणून हातात किंवा ताटात ठेवलेले एक, आणि वेष्टणावरील लेबलाचे एक. खाद्यपदार्थ असेल तर घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक हे सारे लेबलवर स्पष्ट वाचता आले पाहिजे. ॲमेझॉनसारख्या बाजारावर माल मांडायचा असल्यास मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असावी, वस्तूने चौकटीचा सुमारे 85 टक्के भाग व्यापावा, असा नियम आहे. आणि गिऱ्हाइकाला चित्र मोठे करून पाहता यावे यासाठी त्याची लांब बाजू हजार पिक्सेलहून अधिक हवी.

सुधारणेसाठी स्नॅपसीडसारखे विनामूल्य ॲप पुरेसे आहे. चित्र सरळ करावे, कडा कापाव्यात, पांढरा पांढरा करावा, येथे थांबावे. व्हॉट्सॲपवरून पाठविताना चित्र आकुंचन पावते, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून धाडावे.

"येथे थांबावे" असे म्हणण्याला कारण आहे. नवी चित्रे चांगली येऊ लागल्यावर पुतणीने उत्साहाच्या भरात ॲपमध्ये चटणीचा लाल रंग दोन घरे वर चढविला. चित्र झळझळीत झाले, आणि त्या आठवड्यात मागणीही वाढली. मग पुण्याच्या एका बाईंचा निरोप आला : "चव छान आहे, पण फोटोतली चटणी लालभडक होती. ही वेगळीच दिसते. जुना माल तर नाही ना?" माल दोन दिवसांपूर्वीचा होता. वहिनींनी वाद घातला नाही, पैसे परत केले आणि पुतणीला जवळ बसवून म्हणाल्या, "तिखट आपण ब्याडगीचं घालतो, रंग नाही घालत. मग फोटोत तरी का घालायचा?" त्याच संध्याकाळी सगळी चित्रे बदलली गेली.

मला तेव्हा छायाचित्रणाच्या इतिहासातली एक गोष्ट आठवली. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाने 1844 ते 1846 या काळात खंडाखंडाने एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात फडताळावर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे एक छायाचित्र आहे. वस्तूंच्या छायाचित्रांचा तो फार जुना नमुना होय. त्यासोबत टॅल्बटने असा विचार मांडला की ही भांडी उद्या चोरीला गेली, तर हे चित्र न्यायालयात पुरावा म्हणून ठेवता येईल. म्हणजे वस्तूचे छायाचित्र प्रारंभापासून साक्षीदार मानले गेले. घरगुती उद्योजकाच्या बाबतीतही तेच खरे आहे. गिऱ्हाइकाने पैसे आधी दिलेले असतात आणि वस्तू नंतर पाहिलेली असते. मधल्या काळात आपल्या वतीने ते चित्रच बोलत असते. साक्षीदाराने नीटनेटके कपडे घालावेत, पण साक्ष खरी द्यावी.

आणखी एक सवय आमच्या घराने लावून घेतली. जाहिरातींत अन्न चकचकीत दिसावे म्हणून त्याला अखाद्य द्रव्ये लावून नंतर टाकून देण्याची रीत आहे. आमच्याकडे चित्रासाठी वाढलेली वाटी चित्र झाल्यावर पानात येते. जे खाता येणार नाही, त्याचे चित्र काढायचे नाही, इतका साधा नियम. शिवाय दिवेलागणीच्या आत जेवण आटोपणाऱ्या घरांना खिडकीच्या उजेडाशी जुळवून घेणे काही जड जात नाही. दुपारी चार वाजता पाने मांडण्यापूर्वी वहिनींचे टेबल खिडकीशी लागलेले असते.

आमचा सगळा खर्च किती झाला, तो सांगून लेख पुरा करतो. कार्डशीट, थर्माकोल, बटर पेपर, दोन दिवे व त्यांचे होल्डर आणि फोनची तिपाई मिळून दोन हजार रुपयांच्या आत. कॅमेरा अजून घेतलेला नाही. साठवलेल्या पैशांत गेल्या पाडव्याला चटणी कुटायचे यंत्र आले. त्याचाही फोटो वहिनींनी स्वतःच काढला, तोही खिडकीपाशी, ट्यूबलाइट बंद करून.